महापौरबाईंचा चुडा

आमच्या भागात पुढारी उद्धवरावांच्या सगळ्या घराण्याची नावे देऊन झाली आहेत. बागेला वडिलांचे, मंगल कार्यालयाला आईचे, व्यायामशाळेला थोरल्या भावाचे. वाचनालयाला आजोबांचे आहे. आजोबांना अक्षरओळख नव्हती हे मला पक्के ठाऊक आहे, कारण आलेली पोस्टकार्डे ते माझ्या नवऱ्याकडून वाचून घेत. नाल्यावरचा पूल चुलत्यांच्या वाट्याला आला. चुलते आणि उद्धवराव बांधाच्या भांडणावरून वीस वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, पण पुलाच्या पाटीवर ‘आमचे लाडके अण्णा’ असे लिहिले आहे.

हे सगळे सांगायचे कारण, माझ्या मैत्रिणीचे, शहाजादीचे गाडे याच पाट्यांपाशी अडून बसले होते.

शहाजादीचा आमच्या मंडईत बांगड्यांचा गाळा आहे. कासारवाडी आणि दापोडीच्या मधली ही मंडई. मी एकोणसत्तर साली लग्न होऊन इथे आले तेव्हा मंडई नव्हतीच, ज्वारीचे रान होते आणि कारभार ग्रामपंचायत पाहायची. मग नगरपालिका झाली, मग महापालिका झाली. मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला एकोणतीस वर्षे काढली आणि येता-जाता हे सगळे वाढताना पाहिले. शहाजादी जामखेडकडून आली ती मन्सूरभाईंची बायको म्हणून. ते हातगाडीवर बांगड्या विकत. ते गेले, गाडीचा गाळा झाला, आणि गेली चाळीस वर्षे आमच्या भागातल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा शहाजादीच भरते. चुडा भरून झाला की नवरी तिला वाकून नमस्कार करते. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचा हा रिवाजच आहे, तिथे जातधर्म कुणी विचारत नाही.

तर या मंडईत बायकांसाठी संडास नाही. मुतारीही नाही. तशी ती पुरुषांसाठीही नाही, पण त्यांच्यासाठी भिंत आहे.

साठ गाळे, त्यातल्या चाळीसांवर बायका. कोणी मेथी विकते, कोणी सुकट, कोणी परकर. सगळ्यांचा एकच उपाय, पाणी प्यायचे नाही. शहाजादी सकाळी नऊला गाळा उघडायची आणि रात्री आठला बंद करायची. मधे दुपारी दोनला एकदाच माझ्या घरी यायची. माझे घर मंडईपासून दहा मिनिटांवर, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिचे गुडघे गेलेले. चढताना ती प्रत्येक जिन्यावर एकेका नगरसेवकाचे नाव घेऊन त्याचा उद्धार करायची. तीन जिन्यांत तीन पंचवार्षिक निवडणुका उरकायच्या.

यंदा तिसऱ्यांदा लघवीचा त्रास झाला, वर मुतखडा निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितले, “आजी, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, नाहीतर दुकान बंद करून घरी बसा. पावसाळ्यापर्यंत बघू.”

तिची सून फरहीन लगेच म्हणाली, “अम्मी, बस झालं आता. गाळा देऊन टाकू कुणाला तरी.”

शहाजादी माझ्याकडे येऊन रडली. “घरी बसून काय करू, सुमन? कुणाचा हात धरू?”

चाळीस वर्षे बायकांचे हात धरून बसलेल्या बाईने हे विचारल्यावर मला राहवेना. चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आता निवडणुका झाल्या होत्या, महापौरपद बाईकडे जाणार होते, आणि उद्धवरावांची सून स्वरूपा महापौर होणार अशी बोलवा होती. मी उठले आणि उद्धवरावांच्या बंगल्यावर गेले.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर मोठा फ्लेक्स पसरलेला. त्यावर ‘महापौरांचे दहा संकल्प’ आणि दहाही संकल्पांच्या वर उद्धवरावांचाच फोटो. स्वरूपाचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा.

“या सुमनताई,” ते म्हणाले. “बगा, नदी, रस्तं, मेट्रो, समदं घेतलंय. काय ऱ्हायलंय का?”

“मंडईत बायकांसाठी संडास,” मी म्हणाले.

त्यांनी मग इकडेतिकडे बघून खुर्ची पुढे ओढली. “ताई, तुमाला म्हणून सांगतो. मनात लई येळा आलं. पर त्याला नाव कुनाचं द्यायचं?”

“नाव कशाला हवं?”

“नावाबिगर काम आमी केलं हे लोकांस्नी कसं कळनार? आन् नाव द्यायचं तर आईचं देऊ का मुतारीला? वर जाऊन कोनत्या तोंडानं भेटू तिला?”

“मग तुमच्या चुलत्यांचं द्या. तुमचं पटत नव्हतंच.”

“त्यांचा पूल झाला ना!” ते हळहळून म्हणाले. त्या क्षणी त्यांना पुलाची घाई केल्याचा खरोखरच पश्चात्ताप झाला असावा.

मी परत आले. दहाचे अकरा काही झाले नाहीत.

शहाजादीने विचारले, “ती शपथ घेणार ना? टीव्हीवर मंत्री घेतात तशी? मग शपथेत घाला म्हणावं.”

आता मी इतकी वर्षे बघते आहे, पण इथल्या महापौरांना शपथ घेताना कधी पाहिले नाही. सभागृहात हात वर होतात, मोजले जातात, आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्त बघून खुर्चीत बसवतात. मी तिला तसे सांगितले.

“शपथ न घेता खुर्ची?” शहाजादी म्हणाली. “माझ्याकडं तर बाया उधारीच्या डझनाला पण शपथा घेतात.”

स्वरूपाची निवड झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा छत्तीसला खुर्चीत बसायचा मुहूर्त निघाला. तिच्या सासूबाईंनी, सोजराबाईंनी, हुकूम सोडला की सूनबाई हिरवा चुडा भरूनच खुर्चीला हात लावेल, आणि तो लग्नातला चुडा भरणाऱ्या शहाजादीच्याच हाताने भरायचा. त्या आदल्या संध्याकाळीच गाळ्यावर आल्या होत्या.

“माप सांगू का तिच्या हाताचं?” त्यांनी विचारले.

शहाजादीला हा अपमान वाटला. “मला माप सांगता? मी हात विसरत नाही. स्वरूपाचा हात दोन-चार.” आणि तिने दोन-चारच्या एकवीस हिरव्या बांगड्या काढून दिल्या. सोजराबाईंनी त्या नेल्या, देवीपुढे ठेवल्या, हळदीकुंकू वाहिले आणि सकाळी ताम्हनात घालून परत पाठवल्या. म्हणजे आता बदलून देता येण्यासारख्या राहिल्या नव्हत्या.

सकाळी साडेदहाला स्वरूपा आली. चाकणच्या एका कंपनीत ती इंजिनियर होती, निवडणुकीसाठी नोकरी सोडलेली. पोरगी शांत, चष्मा लावणारी. सकाळी सहापासून चौकाचौकांत तिचे सत्कार चालले होते. प्रत्येक मंडळाचा एक हार, एक शाल आणि एक चहा. कोणी शहाळे दिले, कोणी उसाचा रस. नाही म्हटले तर ते मंडळ रुसणार, म्हणून बिचारीने सगळे पिऊन टाकले होते. तिच्यामागे हलगीवाले, त्यांच्यामागे दोनशे कार्यकर्ते, आणि त्यांच्यामागे रस्त्यात आडवी क्रेन. क्रेनला टांगलेला हार एवढा मोठा की त्यात माझे अख्खे घर गुंडाळता आले असते.

“चाची, ओळखलंत का?” स्वरूपाने स्टुलावर बसत विचारले.

“तुला नाही, हाताला ओळखलं,” म्हणत शहाजादीने उजवा हात हातात घेतला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. माझ्याकडे बघून ती नुसतेच ओठ हलवून म्हणाली, “दोन-सहा.” म्हणजे एक माप मोठा.

लग्नाला अकरा वर्षे झाली होती. मधे एक बाळंतपण झाले होते, आणि गेला महिनाभर लोकांनी प्रचारात तो हात दाबून दाबून सुजवला होता. शहाजादीची स्मरणशक्ती पक्की होती, पण हात काही स्मरणात थांबून राहत नाही. हे मी तिला सांगितले असते तर तिने मला तिथेच उठवले असते.

साबणाचे पाणी आले, तेल आले. उजव्या हातात दहा बांगड्या जायला तब्बल चाळीस मिनिटे लागली. बांगडी घालणारी बाई गप्पा मारते ना, ते काही करमणूक म्हणून नाही. हात सैल सुटावा म्हणून मन दुसरीकडे न्यायचे असते. शहाजादी तिला माहेरचे विचारत होती, मुलाची शाळा विचारत होती, पण स्वरूपाचे चित्त ठिकाणावर नव्हते. हात लाकडासारखा झाला होता. ती गुडघे जुळवून बसली होती आणि एकसारखी चुळबुळत होती.

डाव्या हातात सात बांगड्या गेल्या. आठवी बोटांच्या पेरांवर येऊन अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

“सोड ना हात सैल,” शहाजादी म्हणाली.

“नाही सोडता येत, चाची,” स्वरूपा कळवळून म्हणाली. मग माझ्याकडे वाकली आणि कानात विचारले, “सुमन आजी, इथं… जायला कुठं आहे?”

मी म्हणाले, “कुठंच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे चाळीस वर्षांपासून नाही.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मला ती एकदम चौथीतल्या, वह्या विसरलेल्या पोरीसारखी दिसली. “मेट्रो स्टेशनवर असेल ना?”

“आहे की. पण रस्त्यात तुझा हार आडवा आहे.”

घड्याळात पावणेबारा होत आले होते. तिचा बंगला भोसरीकडे, गाडी गर्दीत रुतलेली. जवळ म्हणाल तर माझेच घर. मी म्हणाले, “ऊठ, चल.”

“थांब!” शहाजादी ओरडली. “मी हात सोडला तर मूठ वळेल, आणि मूठ वळली की काच चिरणार. आजच्या दिवशी चुड्यातली बांगडी वाढवायची? मी नाही सोडत.”

उरलेल्या तीन बांगड्या मी शहाजादीच्या कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि आम्ही तिघी तशाच निघालो. पुढे मी, मागे महापौर, आणि महापौरांची अर्धवट बांगडीतली बोटे दोन्ही हातांनी धरून, लंगडत, आडवी आडवी चालणारी शहाजादी. आम्हाला गुपचूप जायचे होते. पण धनेश नावाचा तिचा एक कार्यकर्ता आहे, त्याचे सगळे लक्ष ताई कधी उठतात इकडेच होते.

“ताई निघाल्या रे! वाजवा!”

हलगी कडाडली. “स्वरूपाताई, आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!” दोनशे माणसे आमच्या मागे.

“साथ नका येऊ हो,” स्वरूपा रडवेली होऊन म्हणाली, पण हलगीपुढे कोणाला काय ऐकू येणार? वाटेत दोघांनी तिच्यावर भंडारा उधळला. एकाने पुढे होऊन पाण्याची बाटली धरली. बाटली बघून तिने डोळेच मिटून घेतले.

आमच्या इमारतीखाली मिरवणूक उभी राहिली. का उभी राहिली हे कोणालाच कळले नव्हते, पण महापौर एखाद्या जुन्या मतदाराच्या पाया पडायला गेल्या असतील असे धनेशने सगळ्यांना सांगून टाकले. लोकांना गहिवरून आले. आम्ही जिने चढत होतो. पहिल्या जिन्यावर सवयीप्रमाणे शहाजादीने जुन्या नगरसेवकाचा उद्धार सुरू केला, मग नवीन महापौर हाताशीच आहे हे लक्षात येऊन जीभ चावली.

“बोला चाची,” स्वरूपा दम खात म्हणाली. “मीच म्हणणार होते.”

घरात आलो, मी संडासाचे दार उघडले. तरीही शहाजादी हात सोडेना.

“चाची, प्लीज!”

“तू जा आत. हात बाहेर राहू दे.”

आणि तसेच झाले. महापौर आत, दार वीतभर उघडे, त्या फटीतून एक गोरा हात बाहेर, आणि तो धरून शहाजादी भिंतीकडे तोंड करून उभी. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. लाज सगळ्यांनाच असते. खालून घोषणा येत होत्या, “महापौर कशा असाव्यात?” “स्वरूपाताईंसारख्या असाव्यात!”

तेवढ्यात शहाजादी हर्षाने किंचाळली. “सुमन! गेली!”

मला वाटले फुटली. धावत आले. बघते तर आठवी बांगडी मनगटावर. इतका वेळ लाकूड झालेला हात लोण्यासारखा मऊ पडला होता, बोटे अशी सैल की त्यांत हाडेच नाहीत. शहाजादीने संधी सोडली नाही. कमरेच्या पिशवीतून उरलेल्या तीन बांगड्या काढल्या आणि दाराच्या फटीतच एकामागून एक सरकवल्या. छन, छन, छन. मोजून अकरा.

“चाळीस वर्षांत असा हात नाही मिळाला,” ती भिंतीला सांगत होती.

स्वरूपा बाहेर आली ती वेगळीच बाई होऊन आली. तोंडावर पाणी मारले, माझ्या खुर्चीत बसली, हातातल्या चुड्याकडे पाहिले. मग विचारले, “चाची, तुम्ही रोज इथं येता?”

“रोज एकदा. दोन वाजता.”

“आणि बाकीचा दिवस?”

“बाकीचा दिवस पाणी पीत नाही,” शहाजादी म्हणाली. तिने तक्रारीच्या सुरात नाही सांगितले. जणू कोणी विचारले, मेथी कशी दिली, तशा सुरात सांगितले. तिला सांगायचे जिवावर आले होते, म्हणून डॉक्टरांचे आणि गाळा बंद करण्याचे मी सांगितले. उद्धवरावांनी काय उत्तर दिले तेही सांगितले.

स्वरूपाने कपाळाला हात लावला. “मामांनी मला विचारलंही नाही. मला तर ते दहा संकल्प फ्लेक्सवर वाचायला मिळाले.”

ती उठली आणि रिवाजाप्रमाणे शहाजादीला नमस्कार करायला वाकली. शहाजादीने मात्र पाय मागे घेतले.

“आधी शपथ,” ती म्हणाली.

“कसली?”

“ते तुला माहीत आहे. तुमच्या तिकडं घेत नाहीत म्हणे. इथं घे. चुड्याची.”

मी जन्मात पाहिलेला हा एकमेव महापौरांचा शपथविधी. माझ्या घरात, संडासाच्या दारासमोर, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी. स्वरूपाने उजवा हात डाव्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली, “पहिलं काम मंडईतलं. शप्पथ.” मग शहाजादीने पाय पुढे केले.

मुहूर्त कसाबसा साधला. क्रेनने हार घालायचे राहून गेले आणि क्रेनवाला फार नाराज झाला. खुर्चीत बसल्यावरचे भाषण आम्ही गाळ्यावर फरहीनच्या मोबाइलवर पाहिले. स्वरूपाने दहा संकल्पांचा कागद काढला, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “या दहांच्या आधी एक आहे.” आणि सांगितले. स्पष्ट शब्दांत, ‘सोय’ वगैरे न म्हणता. मागे उभे असलेले उद्धवराव टाळ्या वाजवत होते. ऐकल्यावर ते अचानक थांबले, पण कॅमेरा त्यांच्यावर आहे हे कळताच जोराने वाजवू लागले.

एका वार्ताहराने विचारले, “नाव कुणाचं देणार?”

“कुणाचं नाही. तिथं जाणाऱ्या बाईला पाटी वाचायला वेळ नसतो,” स्वरूपा म्हणाली.

गाळ्यावर हशा पिकला. सुकटवाली तर एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी कोणीच दिले नाही, कोणाजवळ नव्हतेच.

पण शपथ घेणे वेगळे आणि काम होणे वेगळे. जागा मोजली गेली, पुन्हा मोजली गेली. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची तेव्हा स्वरूपा स्वतः तिच्या मागे जायची. कंपनीत तिला हेच काम होते म्हणे, माल कुठे अडला ते शोधायचे. तोवर शहाजादीने गाळा अर्धाच दिवस उघडायचा असे डॉक्टरांशी ठरले. मेच्या शेवटी सहा खोल्यांचे बांधकाम उभे राहिले. पांढऱ्या फरशा, पाणी, कडी, आत दिवा. आणि बाहेर कुलूप, कारण उद्घाटन व्हायचे होते.

उद्घाटनाला उद्धवरावांनी मुंबईहून एक मोठे पाहुणे ठरवले. नाव नाही तर निदान पाहुणा तरी आपला. अकराची वेळ होती. मंडप, लाल फीत, तबकात कात्री. बारा वाजले, एक वाजला. पाहुणे खोपोलीला जेवत असल्याचा निरोप आला, मग घाटात अडकल्याचा. आम्ही चाळीस बायका ओळीने खुर्च्यांवर. ऊन असे की धनेशने सगळ्यांना ताकाचे ग्लास वाटले. शहाजादीने डॉक्टरांचे स्मरण करून दोन घेतले. खुशीत तिसराही घेतला.

दीड वाजता तिने माझा हात दाबला. “सुमन.”

“चल घरी,” मी म्हणाले.

“घरी?” तिने समोर बघितले. सहा दारे, आणि त्यांच्या पुढे चार आण्यांची लाल फीत. कुलपे सकाळीच काढलेली होती. ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू चालत फितीपाशी गेली आणि उभी राहिली. तिच्याने काही फीत ओलांडवेना. चाळीस वर्षे थांबलेल्या माणसाला आणखी थोडे थांबायची सवय असते.

उद्धवराव ध्वनिक्षेपकावरूनच ओरडले, “ओ चाची! थांबा की वाईच! पावणं निगालेत!”

मंचावरून स्वरूपा उठली. कात्रीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. खाली आली, लाल फीत दोन बोटांनी धरली आणि खांद्याएवढी वर उचलली. शहाजादी खालून वाकून गेली. दार लागले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

“अगं सूनबाई, उद्घाटन व्हायचंय अजून!” उद्धवराव म्हणाले.

“झालं, मामा,” स्वरूपा म्हणाली आणि फीत तशीच वर धरून आम्हा बाकीच्यांकडे पाहू लागली. आम्ही एकोणचाळीसजणी आधीच उठून रांगेत उभ्या होतो.